कानउघाडणी

आमच्या शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे. 'शांतता राखा. येथे ज्ञानदानाचे कार्य चालू आहे.' अक्षर सुरेख आहे; चित्रकलेच्या शिक्षकांनी स्वतः रंगवलेले. त्या पाटीच्या बरोबर डोक्यावर एक लोखंडी खांब आहे आणि खांबावर दोन कर्णे आहेत. एकाचे तोंड पटांगणाकडे, दुसऱ्याचे गावाकडे. सकाळची प्रार्थना, थोर पुरुषांच्या जयंत्या, फीच्या सूचना, स्नेहसंमेलनाच्या तालमी, सारे काही त्या कर्ण्यांतून गावाला ऐकवले जाते. कित्येक वर्षे मी त्या पाटीखालून आणि त्या कर्ण्यांखालून शाळेत जात आलो. पाटी आणि कर्णे एकाच खांबाला टांगलेले आहेत, यात काही विपरीत आहे हे माझ्या ध्यानात यायला मात्र एका मुलाचा कान पिळावा लागला.

मुलगा सातवीतला. रस्त्याकडच्या खिडकीशी, शेवटच्या बाकावर बसणारा. शुद्धलेखनाचा तास होता. खिडकीबाहेर संमेलनाची तालीम चालली होती. म्हणजे एकच गाणे पहिल्यापासून पुनःपुन्हा लावले जात होते. मी 'साखर' सांगितले, त्याने 'आखर' लिहिले. मी 'भात' सांगितले, त्याने 'हात' लिहिले. 'वाट' सांगितली तर कागदावर 'पाट' उमटला. शेजारच्या मुलाने त्याची वही पाहून हसायला सुरुवात केली आणि माझे पित्त खवळले. लक्ष नाही, दुसरे काय! मी जाऊन त्याचा डावा कान धरला आणि पिळला. मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही पिळला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. मला वाटले, भांडायला आली. ती दाराशीच उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, शिक्षा केली त्याचं काही नाही. पण तेवढा कान पिळत जाऊ नका. तो लहानपणापासनं वाहतोय. लागलं तर दुसरा पिळा."

लागलं तर दुसरा पिळा! वीस वर्षांच्या मास्तरकीत माझी इतकी कानउघाडणी कोणी केली नव्हती, आणि त्या माऊलीला आपण ती करतो आहोत याची कल्पनाही नव्हती. पुढे आम्ही त्या मुलाला जिल्ह्याच्या इस्पितळात नेले. कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले ते असे: शांत खोलीत याला बरेचसे ऐकू येते, पण भोवती गलका असला की आवाज कानावर पडतो आणि शब्द मात्र गळून जातात. शब्दाच्या तोंडचा 'स', 'भ', 'व' असली नाजूक अक्षरे आधी बुडतात. तात्पर्य, मुलाचे लक्ष होते. फार होते. ऐकू न येणारे ऐकण्याची तो जिवापाड खटपट करीत होता आणि मी त्याला मठ्ठ ठरवून मोकळा झालो होतो.

हा लेख त्या मुलाचे मी देणे लागतो म्हणून लिहितो आहे. दिवाळीच्या अंकात लोकांना काही गोड वाचावेसे वाटते, हे मला कळते. पण चकलीही थोडी तिखटच असते. वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, फाल्गुनात, काही कामासाठी पुण्याला गेलो होतो. बहीण औंधला राहते. सकाळी लवकर जाग आली, घरात सारे झोपलेले. म्हणून चालत चालत गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात शिरलो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकशी थांबलेले. विद्यापीठात जायचे ते असेच, फिरायला! डोक्यात त्या मुलाचा कान घोळत होता. मनात आले, आपण नेहमी डोळ्यांनी हिंडतो. आज अर्धा तास नुसते कानांनी हिंडून पाहावे. खिशात वही होती. जो आवाज ऐकू येईल तो लिहायचा, एक आवाज दोनदा लिहायचा नाही आणि आपण तोंड उघडायचे नाही, एवढे तीन नियम मी स्वतःला घालून घेतले.

बाहेरच्या चौकाशी वहीत काही लिहिता येईना. तिथला जुना उड्डाणपूल २०२० साली पाडला. नवा पूल आणि मेट्रो यांच्या बांधकामाचा खडखडाट त्यानंतर लोकांनी किती सोसला ते पुणेकरांनाच विचारावे. मोटारी, रिक्षा, बस यांचे भोंगे वेगवेगळे म्हणून लिहायला गेलो, तर सगळ्यांचा मिळून एकच लगदा झालेला. याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गाठले. त्या वेळी 'गोंद्या आला रे' ही खुणेची हाक दिली होती, असे प्रसिद्ध आहे. अंधारात एका माणसाने दुसऱ्या माणसाला नुसत्या गळ्याने दिलेली हाक, आणि ती पोचली. आज त्या जागी कोणी कितीही जिवाच्या आकांताने ओरडला तरी पलीकडच्या पदपथावरच्या माणसाला तो वेडा वाटेल. ऐकू काही येणार नाही. इतिहास घडायलासुद्धा थोडी ऐकू येण्याजोगी हवा लागते, मंडळी!

पण आवारात शिरून झाडांत पाचशे पावले चाललो आणि वही भरू लागली. आधी खराट्याचा आवाज. मग लक्षात आले की खराट्याचे आवाज दोन आहेत: डांबरावरचा एक आणि वाळल्या पाचोळ्यातला दुसरा. झाडणाऱ्या बाईंच्या हातातल्या बांगड्या. वडाच्या झाडात खारीची चिरचिर. तांबट पक्ष्याचे टुक टुक टुक, तालाला पक्के. कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर ठोके पडतात तसाच ताल, म्हणून तर पाखराला आणि माणसाला एकच नाव मिळाले. दूर कोकिळेची तक्रार. पहारेकऱ्याचा खोकला. सायकलची सैल साखळी. जुन्या दगडी इमारतीपाशी आलो. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होते ते. १९४९ पासून तिथे विद्यापीठ आहे. तिथल्या मोकळ्या जागेत माझ्याच वहाणांचा आवाज मला परत येऊन भेटला. एक मुलगा झाडाखाली फेऱ्या घालीत काहीतरी पाठ करीत होता; शब्द कळेनात, पण चूक झाली की तो जीभ चावून 'च्च' करी, ते स्पष्ट ऐकू आले. बाकावर दोन मुली बसल्या होत्या. एक बोलत होती, दुसरी नुसतीच 'हं, हं' करीत होती. त्या हुंकारात इतके काही होते की मी पाऊल न वाजवता पुढे सरकलो. कपबशांची किणकिण, दुधाच्या पातेल्यावर पडलेले झाकण, लांबून कोणी कोणाला घातलेली 'अरे थांब की' अशी साद.

अर्ध्या तासात वहीत चौतीस आवाज झाले. त्यातले निम्म्याहून अधिक माणसांचे होते. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तिथे मला शांतता सापडली नाही. शांतता तिथे नव्हतीच. तिथे होती ती माणसांची, पाखरांची आणि पानांची एकमेकांना वाट देत चाललेली वर्दळ. कोणी कोणाला बुडवीत नव्हते.

त्याच आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. खोडद येथे, नारायणगावाजवळ, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना ज्यांनी उभ्या केल्या आहेत ती ही संस्था. या अँटेना आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. ही दुर्बीण पुण्यात न उभारता ऐंशी किलोमीटरवर खोडदला का नेली? जी कारणे होती त्यांत एक हे, की तिथे माणसाने केलेला रेडिओलहरींचा गोंगाट कमी होता. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. दूरच्या ताऱ्याचे म्हणणे ऐकायचे तर आधी भोवतालचा गलका कमी केला पाहिजे, हे शास्त्रज्ञांना कळते; त्यासाठी ते ऐंशी किलोमीटर लांब जातात. आणि शेवटच्या बाकावरच्या पोराला मास्तरांचे म्हणणे ऐकू यावे म्हणून आम्ही एक कर्णा खांबावरून खाली उतरवीत नाही!

गावी परतलो आणि पहिल्या कामाच्या दिवशी, तेच तीन नियम पाळून, आमच्या शाळेच्या आवारात अर्धा तास हिंडलो. वहीत सात आवाज आले. कर्ण्यातले गाणे, फाटकाशी मोटारसायकली, पाण्याची मोटर, रस्त्यावरच्या मालमोटारीचा भोंगा, शाळेची विजेवरची घंटा, मुलांचा ओरडा आणि शिक्षकांचा ओरडा. मुलांचा ओरडा एकच म्हणून लिहिला, कारण त्यात वेगळा आवाज निवडता येईना. आमच्या शाळेत साडेचारशे मुले आहेत. साडेचारशे गळ्यांचा मिळून एक आवाज!

कोणी म्हणेल, हा न्याय नव्हे. कोठे ते चारशे एकरांचे झाडीचे आवार आणि कोठे तालुक्याची शाळा. मलाही तसेच वाटले. म्हणून रविवारी पुन्हा गेलो. कर्णे बंद होते आणि संमेलनात काम करणारी पंधरा-वीस मुले नुसतीच टिवल्याबावल्या करीत होती. त्या दिवशी सव्वीस आवाज झाले. विहिरीच्या रहाटाची कुरकुर आम्हांला अजून आहे, हे मला त्या रविवारी कळले. पिंपळ आहे. व्हरांड्यात चिमण्या आहेत. एक मुलगी फार सुरेख शीळ घालते. आवार तेच, झाडे तीच. फक्त खांबावरचा राक्षस झोपला होता.

आता माझे म्हणणे स्पष्ट सांगतो. आपल्याकडे या विषयावर वाद होतो तो 'गोंगाट की शांतता' असा. हा वादच खोटा आहे. शांतता कोणालाच नको आहे. मुलांना नको, मला नको, सणावाराला तर कोणालाच नको. खरा प्रश्न असा आहे की कोणाला ऐकू जावे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपण कोणाच्या हाती दिला आहे. माणसाचा आवाज दमतो. कीर्तनकार दमतो, भांडणारा दमतो, रडणारे मूल दमते, ढोल वाजवणारा घाम पुसायला थांबतो. तो थांबला की दुसऱ्याला जागा मिळते. माणसामाणसांतली सारी सभ्यता या दमण्यावर उभी आहे. यंत्र दमत नाही. एक कळ दाबली की ते सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच ताकदीने बोंबलते, आणि ज्याच्या हातात कळ तो चारशे गळ्यांचा मालक होतो. हा गोंगाटाचा प्रश्न मुळीच नव्हे, हा दांडगाईचा प्रश्न आहे.

आणि 'शांतता राखा' ही पाटी कोणासाठी आहे, हेही एकदा पाहा. ती मुलांसाठी आहे. कर्णा ती वाचत नाही. ज्यांचे गळे दमतात त्यांना आम्ही गप्प बसवतो आणि जे दमत नाही त्याला खांबावर चढवतो. मुलांना आम्ही 'गप्प बसा' शिकवतो. 'ऐका' हे कधी शिकवतच नाही. ही दोन्ही एकच, असा आमचा मास्तर लोकांचा जुना गैरसमज आहे.

हे माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याचे खूळ आहे, असे कोणी समजू नये. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या टेकडीवर सायमन फ्रेझर विद्यापीठ आहे. तिथे मरे शेफर नावाचे एक संगीतकार शिकवीत असत. १९३३ साली जन्मले, २०२१ साली वारले. संगीत शिकायला आलेल्या मुलांना ते आधी भोवतालचे आवाज ऐकायला लावीत. १९६७ साली त्यांनी एक पुस्तक काढले, त्याचे नाव 'इअर क्लीनिंग', म्हणजे कानांची साफसफाई. शब्दशः कानउघाडणीच की! त्यांच्या भोवती जमलेल्या मंडळींत हिल्डेगार्ड वेस्टरकांप या बाई होत्या. नुसते ऐकण्यासाठी चालायचे, या गोष्टीवर त्यांनी १९७४ साली एक निबंध लिहिला. मी गणेशखिंडीत जे केले ते नवे नव्हते, हे मला नंतर कळले. पण आपल्या घरच्या खेळाला परदेशात मान आहे असे कळले की आपल्या लोकांचा विश्वास बसतो, म्हणून हा दाखला.

दुसरा दाखला अधिक कडू आहे. न्यूयॉर्क शहरात एका प्राथमिक शाळेजवळून उंच पुलावरची आगगाडी जात असे. दर चार-पाच मिनिटांनी गाडी. तेवढा वेळ शिक्षक तोंड मिटून उभे. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली रुळांच्या बाजूच्या वर्गांतल्या मुलांची आणि पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांची वाचनातली प्रगती ताडून पाहिली. शाळा तीच, शिक्षण तेच; परंतु सहावीला येईपर्यंत गोंगाटाच्या बाजूची मुले जवळजवळ एक वर्ष मागे पडली होती. पुढे रुळांखाली रबराचे थर घातले, वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली आणि १९८१ साली पुन्हा पाहिले, तेव्हा फरक उरला नव्हता. मुले मठ्ठ नव्हती. आगगाडी मठ्ठ होती. माझ्या वर्गातल्या मुलाचे पुस्तक तेच, मास्तर तेच; फक्त खिडकी रस्त्याकडची. असली किती मुले मी 'ढ' म्हणून पुढल्या वर्गात ढकलली असतील, हा हिशेब मी रात्री करू लागतो आणि अर्ध्यावर सोडून देतो.

कायदा नाही असे नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. शाळा, इस्पितळे आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरवावा आणि तिथे आवाज दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे ते सांगतात. डेसिबलचे गणित फसवे असते, तेवढे सांगून ठेवतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. पन्नासाचे ऐंशी झाले म्हणजे दीडपट झाले असे नव्हे, हजारपट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली तर शिकवणे चालू असताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलपर्यंतच असावा, असे सांगितले होते. आणि आपण काय केले? २०१७ साली नियमांत एक वाक्य घातले, की राज्य सरकारने तसे जाहीर केल्यावाचून कोणताही टापू शांतता क्षेत्र समजला जाणार नाही. म्हणजे शाळेला शांतता लागते ही गोष्ट आता शाळा असण्यावरून ठरणार नाही. सरकारी कागदावरून ठरणार! बाळाला भूक लागते हेही एक दिवस असेच जाहीर करून घ्यावे लागेल.

परंतु सरकारला नावे ठेवून मी सुटू इच्छीत नाही. आमच्या खांबावरचे कर्णे सरकारने लावलेले नाहीत. ते आम्हीच लावले. प्रेमाने लावले. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट म्हणून दिले, त्यांचा सत्कार झाला आणि त्या सत्काराचे भाषण त्याच कर्ण्यांतून मीच केले. आवाज घुमला तेव्हा मला स्वतःचे बोलणे मोठे मौल्यवान वाटले, हेही कबूल करतो.

यावर मला जी उत्तरे मिळतात ती सांगतो. पहिले उत्तर: 'सवय होते हो.' होते, मनाला होते. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सवय झाली असे आपल्याला वाटते तेव्हा पुष्कळदा कान थोडा मेलेला असतो. दुसरे उत्तर: 'मुलांना उत्साह वाटतो.' त्या रविवारी कर्णे बंद असताना मुलांना काय वाटत होते ते मी पाहिले आहे. ती गात होती. कर्णा चालू असला की ती गात नाहीत. गाण्यावर ओठ हलवतात. तिसरे उत्तर वजनदार आहे: 'एवढ्या मुलांना ऐकू कसे जाणार?' सभागृहात, खरोखरीच मोठ्या सभेत, आतल्या लोकांपुरता ध्वनिक्षेपक लावावा. माझी ना नाही. पण प्रार्थनेला तो कशाला? साडेचारशे मुलांनी म्हणायची प्रार्थना एका मुलीने कर्ण्यातून म्हणावी आणि बाकीच्यांनी उभे राहावे, याला प्रार्थना म्हणत नाहीत. चौथे उत्तर सर्वांत जुने: 'सगळीकडे हेच चालते, तुमच्या एका शाळेने काय होणार?' याला माझ्याजवळ उत्तर नाही. आमच्या शाळेत एक मूल आहे, आणि त्याला ऐकू येत नाही, एवढेच मला माहीत आहे.

२०२० सालच्या मार्च-एप्रिलात साथीमुळे सारे बंद झाले, तेव्हा लोक एकमेकांना फोन करून सांगत होते की आमच्याकडे पाखरे फार आली आहेत. पाखरे कोठून येणार? ती होतीच. आपणच कानांनी परगावी गेलो होतो. त्या दुःखाच्या दिवसांत जे आपल्याला फुकट दाखवले गेले, ते आपण साथीबरोबरच विसरून गेलो.

मागणे माझे फार नाही. शाळांनी खांबावरचे कर्णे उतरवावेत. आठवड्यातून अर्धा तास 'कानाचा तास' ठेवावा: मुलांनी वही घेऊन आवारात गप्प हिंडावे, ऐकलेले लिहावे आणि मग वर्गात येऊन मनसोक्त बोलावे. याला खर्च नाही, परिपत्रक लागत नाही. कोणाही मुलाला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून मुले तपासतात. त्यांना आवर्जून सांगावे. आणि माजी विद्यार्थ्यांना शाळेला काही द्यायचेच असेल, तर पत्र्याच्या वर्गांना खालून लाकडी तक्तपोशी करून द्यावी. पत्र्यावर पाऊस पडू लागला म्हणजे शिकवणे बंद होते, हे ज्यांनी अशा वर्गात घालवले त्यांना सांगायला नको. त्या देणगीचा आवाज होणार नाही, पण तीच खरी देणगी.

आमच्या वर्गाचा कानाचा तास मी सुरू केला आहे. तो मुलगा आता पहिल्या बाकावर, उजवा कान माझ्याकडे येईल असा बसतो. शुद्धलेखनात 'साखर' बरोबर येते. 'भात' अजून चुकतो. पहिल्या दिवशी त्याच्या वहीत सर्वांत कमी, नऊ आवाज होते. त्याला वाईट वाटले. दुसऱ्या आठवड्यात मी पाहिले, तर त्याचा शेजारी, तोच वही पाहून हसलेला, पिंपळाखाली त्याच्या उजव्या बाजूला उभा राहून पानांकडे बोट दाखवीत होता आणि दोघे मिळून ऐकत होते. दोघांच्याही तोंडातून शब्द नव्हता.

कर्णे मात्र अजून खांबावर आहेत. व्यवस्थापक मंडळींकडे मी विषय काढला. संमेलन झाल्यावर पाहू, असे ठरले. संमेलन झाले. परीक्षा झाल्या. आता दिवाळीनंतर पाहू, असे ठरले आहे.

तेव्हा, वाचकहो, तोवर एक करा. नरकचतुर्दशीला पहाटे लवकर उठता आहातच. पहिला फटाका उडण्यापूर्वी थोडा वेळ मिळेल. उटणे चोळतानाचा हाताचा आवाज, तापलेल्या पाण्याचा तांब्या, आजीचे पुटपुटणे, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याखाली कारेटे फुटते तो एवढासा आवाज, सारे मुलांना ऐकू द्या. घरातल्या प्रत्येकाला किती आवाज आले ते मोजा. ज्याला सर्वांत कमी आले असतील त्याला हसू नका. त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्या. आणि सुटी संपल्यावर मुलाला शाळेत सोडायला जाल तेव्हा फाटकाशी थांबून, मान वर करून, खांबाकडे एकदा पाहा.